‘बाई, शब्द तत्सम आहे का?’

तालुक्याची श्रुतलेखन स्पर्धा यंदा तुझ्याकडे आली, हे तुझ्या आईकडून कळलं. फार बरं वाटलं. मावळातल्या शाळांमधून मी तीसेक वर्षं हेच काम केलं, म्हणून मावशीच्या नात्याने चार गोष्टी कानात सांगून ठेवते.

तारीख आधी ठरव, आणि ती पावसाळ्यातली नको. एकदा आम्ही हौसेने आषाढातच स्पर्धा घेतली. लोणावळ्याच्या बाजूची शाळा, वर्गावर पत्रे. पाचव्या शब्दाला जी सर आली ती थांबेचना. मी घसा ताणून ‘दीन’ म्हणतेय आणि मागच्या बाकावरची मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत. अर्ध्यावर कागद गोळा करावे लागले. 14 ते 28 जानेवारी हा मराठी भाषा संवर्धन पंधरवडा असतो, तो धर. आभाळ कोरडं असतं, संमेलनं उरकलेली असतात, दहावीची घाई अजून सुरू व्हायची असते. 27 फेब्रुवारीचा, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवसाचा मोह होईल. पण तेव्हा निम्म्या शाळा परीक्षांत अडकलेल्या असतात. त्या दिवशी बक्षिसं देता येतील.

वेळ अकराची ठेव. आंदर मावळातली पोरं कान्हे फाट्यावर उतरणार, नाणे मावळातली कामशेतला, पवन मावळातली पवनानगरहून एसटीने. नऊला बोलावलंस तर गावातली मुलं ताजीतवानी आणि वाडीवरची उपाशी, अशी स्पर्धा सुरू होते. वर्ग रेल्वेमार्गापासून लांबचा बघ. तसा नसेल तर वाचणाऱ्याला सांगून ठेव, की गाडीचा आवाज पूर्ण जाईपर्यंत पुढचा शब्द उच्चारायचा नाही.

नावाबद्दल एक सांगते. फलकावर ‘शुद्धलेखन’ लिहू नकोस, ‘प्रमाणलेखन’ लिही. ‘शुद्ध’ म्हटलं की घरचं बोलणं आपोआप अशुद्ध ठरतं. आपल्याकडचं कितीतरी लेकरू घरी ‘पानी’ म्हणतं, त्याची आजीही ‘पानी’च म्हणते, आणि त्यात काही चुकत नाही. लिहिताना सगळ्यांनी एका रीतीने लिहायचं ठरलंय, त्या रीतीची ही स्पर्धा आहे. उद्घाटनाला हे मुलांना दोन वाक्यांत सांग. ठाकर-कातकरी मुलांचे खांदे तेवढ्यानेच सैल होतात, हे मी बघितलंय.

ती रीत कुठली, हे पत्रकात छापून टाक. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम सरकारने 1962 मध्ये मान्य केले, 1972 मध्ये आणखी चार आले, असे अठरा. परीक्षक वयस्कर असतील तर हे सांगणं फारच गरजेचं. माझे वडील शेवटपर्यंत ‘गांव’, ‘नांव’, ‘घरांत’ असंच लिहीत. ते चुकत नव्हते, त्यांच्या लहानपणी तसंच शिकवत; न उच्चारले जाणारे ते अनुस्वार पुढे नियमांनीच काढून टाकले. पण असा जुना हात तांबडी शाई घेऊन बसला, तर बिनअनुस्वाराचं ‘नाव’ बघून तो थबकणारच. अक्षरांची वळणं शासन निर्णयाने ठरली आहेत, तरी ‘ल’ आणि ‘श’ कुठल्या वळणाने काढला यावर गुण कापू द्यायचे नाहीत. ही हस्ताक्षराची स्पर्धा नाही.

नियमांच्या जोडीला एक कोश ठरव, एकच. अरुण फडक्यांचा ‘मराठी लेखन-कोश’ घे, किंवा मो. रा. वाळंब्यांचं ‘मराठी शुद्धलेखन प्रदीप’ घे. पण त्याचं नाव पत्रकात हवं आणि प्रत स्पर्धेच्या दिवशी टेबलावर हवी. ज्या शब्दावर जाणत्यांतच दोन मतं आहेत तो यादीत घालायचाच नाही. मोठ्यांचं भांडण मुलांच्या गुणांवर कशाला?

यादीतले निम्मे शब्द महिनाभर आधी सगळ्या शाळांना पाठव. लोणावळा-तळेगावात शिकवण्या आहेत, घरी पुस्तकं आहेत. दोन शिक्षकी शाळेतल्या मुलाकडे हा कागदच असतो. 2020 च्या कायद्याने मराठी सगळ्या शाळांत सक्तीची झाली, त्यामुळे इंग्रजी माध्यमाचीही मुलं येतील; त्यांनाही या कागदाचा आधार होतो. उरलेले निम्मे शब्द मात्र कुणीही न पाहिलेले हवेत, आणि ते पाठांतराने नाही तर नियमाने सुटणारे हवेत. त्यासाठी लांब जाऊ नकोस, आपला तालुकाच भरलेला आहे. गावाच्या नावातला ‘पूर’ नेहमी दीर्घ, म्हणून ‘विसापूर’. पण प्रत्यय लागला की ‘विसापुरावर’, तिथे तो ऱ्हस्व झाला. ‘भुशी’चा उकार पहिला, कारण शेवटचं अक्षर दीर्घ आहे, ‘इंदुरी’चंही तेच. कार्ल्याला जाताना गाड्यांच्या काचांवर ‘एकविरा’ दिसतं. ‘भुशी’च्या नियमाने ते बरोबर वाटतं, पण देवीच्या नावात ‘वीर’ आहे, तो संस्कृतातून जसाच्या तसा आला, म्हणजे तत्सम, म्हणून ‘एकवीरा’. रोज डोळ्यांसमोरचा शब्द असा उलगडला की मूल तो विसरत नाही.

आता मुख्य माणूस, म्हणजे वाचणारा. स्पर्धा परीक्षकांमुळे कमी बिघडते, वाचणाऱ्यामुळे जास्त. ध्वनिक्षेपक लावू नकोस. शाळेच्या कर्ण्यातून ‘श’ आणि ‘स’ एकच होतात. खोलीत पंचवीस-तीस मुलं, प्रत्येक खोलीला एक वाचणारा, आणि या सगळ्यांना स्पर्धेच्या सकाळी एकत्र बसवून तोच कागद एकमेकांना मोठ्याने वाचायला लाव. मग कळतं, कोण ‘ळ’ गिळतं, कोण घाई करतं. कागद वाचून झाला की सुरू होईपर्यंत कुणी खोलीबाहेर जायचं नाही.

वाचायची पद्धत अशी: शब्द, मग तो घातलेलं वाक्य, मग पुन्हा शब्द. सावकाश वीस आकडे मोजायचे आणि पुढे जायचं. वाक्य टाळायचं नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ कानाला सारखेच. वाक्याशिवाय मुलाने काय करावं? शब्दांनंतर उतारा: तो आधी सलग वाचायचा, मग तीन-तीन, चार-चार शब्दांचे तुकडे, शेवटी पुन्हा सलग. स्वल्पविराम, पूर्णविराम तोंडाने सांगायचे की नाही, हे सगळ्या खोल्यांत एकसारखं ठरलेलं हवं. उताऱ्यात ‘केले’, ‘झाले’ असेल तर ‘केले’च वाचायचं. बोलण्याच्या सवयीने वाचणारीच्या तोंडून ‘केलं’ निघतं, मूल इमानदारीने ‘केलं’ लिहितं आणि गुण त्याचा जातो.

दयाळू वाचणाऱ्यांवरही लक्ष ठेव. मायेपोटी त्या ‘गरीऽऽब’ असं ताणतात, म्हणजे मुलाला दुसरी वेलांटी कळावी. ज्या खोलीत ताणलं त्या खोलीचे गुण वाढतात आणि शेजारच्या खोलीवर अन्याय होतो. आपण बोलताना ‘गरीब’ जेवढा म्हणतो, तेवढाच म्हणायचा.

मग मुलाने ऱ्हस्व-दीर्घ ओळखायचं कसं? विचार करून, आणि विचारून. माझं ऐकशील तर एवढी एक गोष्ट कुणाच्या दबावाखाली सोडू नकोस: मुलाला प्रश्न विचारायची मुभा दे. अमेरिकेत 1925 पासून राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धा चालते. पहिल्या वर्षी अंतिम फेरीत नऊच मुलं होती, आणि जिंकणाऱ्या मुलाचा शब्द होता ग्लॅडिओलस, आपले फुलवाले विकतात तेच फूल. तिथे मंचावरच्या मुलाला शब्दाचा अर्थ विचारता येतो, तो वाक्यात घालून मागता येतो, तो कुठल्या भाषेतून आला हेही विचारता येतं. इंग्रजीला हे जेवढं लागू, त्याहून मराठीला जास्त लागू. आपल्या निम्म्या ऱ्हस्व-दीर्घाची किल्ली शब्दाच्या कुळात आहे. ‘फूल’ मराठी, म्हणून ‘फुलाला’. ‘शरीर’ तत्सम, म्हणून ‘शरीराला’, तिथे दीर्घ तसाच. ‘खीर’ मराठी, म्हणून दीर्घ; पण ‘विष’ तत्सम, म्हणून ऱ्हस्व. ज्या मुलाने हात वर करून ‘बाई, शब्द तत्सम आहे का?’ असं विचारलं, त्याला नियम येतो हे त्याच क्षणी सिद्ध झालं. त्याला ‘गप्प बस, आवाज नको’ म्हणणाऱ्या पर्यवेक्षकाला पुढच्या वर्षी बोलावू नकोस. लेखी फेरीत एका शब्दाला एक प्रश्न, आणि उत्तर साऱ्या खोलीला ऐकू जाईल असं द्यायचं. वाचणाऱ्याच्या कागदावर प्रत्येक शब्दापुढे अर्थ, वाक्य आणि ‘तत्सम’, ‘मराठी’ किंवा ‘अन्य भाषेतून’ असं लिहून ठेवलं, की त्याची धांदल होत नाही.

शेवटच्या दहा मुलांची तोंडी फेरी घे, बघणाऱ्यांनाही गोडी लागते. मूल उभं राहून सांगेल: ‘उ, मग अर्धा ज, मग ज ला व जोडून, मग ल.’ झाला ‘उज्ज्वल’. पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी, पहिला उकार, दुसरा उकार हे शब्दच वापरू दे, मुलांच्या तोंडात तेच असतात. मधेच अडखळलं तर सुरुवातीपासून पुन्हा सांगता येईल, पण एकदा उच्चारलेलं अक्षर बदलता येणार नाही, हा नियम आधी समजावून दे. ‘दऱ्या’ शब्द जरूर ठेव. डोंगरातल्या ‘दऱ्या’ आणि समुद्र म्हणजे ‘दर्या’, दोन्हीतला र वेगळा कसा, हे मावळातलं पोर छान सांगतं.

तपासणीबद्दल थोडक्यात: कागदावर नाव नाही, क्रमांक. दोघांनी स्वतंत्र तपासायचं, दोन रंगांच्या शाईने. उताऱ्यात एकच चूक तीनदा आली तर एकदाच धरायची.

आणि उत्तरसूची. हे मी जरा सविस्तर सांगते, कारण ते माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. एका वर्षी सातवीतली एक मुलगी आली होती, पवन मावळातल्या एका वाडीवरची. निकाल लागला, बक्षिसं वाटली, तिचा नंबर एका गुणाने हुकला. माणसं पांगली. ती टेबलाशी आली, रडली नाही, काही बोललीही नाही. पिशवीतून मराठीचं पुस्तक काढलं, पान उघडलं आणि ‘महत्त्व’ या शब्दावर बोट ठेवलं. नखाच्या कडेला शाई लागलेली होती. तिने ‘महत्त्व’च लिहिलं होतं, दोन त घालून. आमच्या उत्तरसूचीत ‘महत्व’ छापलं होतं, आणि त्या सूचीवर न वाचता सही केली होती मी. महत् अधिक त्व, म्हणून दोन त. तत्त्व, सत्त्व, व्यक्तिमत्त्व यांचंही तसंच. आणि ‘अस्तित्व’, ‘नेतृत्व’ यांत एकच. वर्गात हे मी कितीदा शिकवलं होतं! दुसरं प्रमाणपत्र करून शाळेत पाठवलं, तिची क्षमा मागितली. पण टाळ्या वाजल्या तेव्हा ती मंचावर नव्हती, ते काही भरून देता आलं नाही.

तेव्हापासून माझा नियम आहे: सूचीतला प्रत्येक शब्द दोघांनी कोश उघडून ताडायचा, आठवणीवर विसंबायचं नाही. आणि बक्षिसांच्या आधी अर्धा तास सूची भिंतीवर लावायची. या अर्ध्या तासात कुठलंही मूल, कुठलेही गुरुजी हरकत घेऊ शकतात. हरकतीचा निकाल कोश बघून, सगळ्यांसमोर. अध्यक्षांना घाई असेल, पाहुण्यांची गाडी उभी असेल, तरी हा अर्धा तास कापू द्यायचा नाही.

बरोबरी झाली तर काय, हेही आधीच लिहून ठेव. 2019 मध्ये त्या अमेरिकी स्पर्धेत आठ मुलं एकाच वेळी विजेती ठरवावी लागली, कारण कठीण शब्दच पुरले नाहीत. मग 2021 मध्ये त्यांनी नव्वद सेकंदांच्या निर्णायक फेरीचा नियम केला आणि 2022 मध्ये तो पहिल्यांदा वापरला. आपल्याला घड्याळाशी झुंज नको. मोहोरबंद पाकिटात पाच-पाच शब्दांचे दोन संच असू देत. त्यानंतरही बरोबरी राहिली तर खुशाल दोघांना पहिलं कर.

बक्षीस म्हणून कोशच दे, करंडक नको. खाऊला चिक्की हवीच, पण ती स्पर्धा संपल्यावर वाट. एका खोलीत तीस तोंडं कुडुमकुडुम करत असताना कुणाला काय ऐकू येणार?

तारीख नक्की झाली की कळव. एका खोलीत वाचायला मी येईन. उत्तरसूची मात्र मला आठ दिवस आधी पाठव.