स्नायू आणि संप्रेरकांचे संदेश

रायपूरच्या आसपासच्या शेतात राबणारा मजूर आणि शहरातील कचेरीत बसणारा कारकून, दोघांच्याही ताटात भात असतो. परंतु त्या भातापासून रक्तात उतरलेली शर्करा दोघांच्या शरीरात सारख्याच सहजतेने जिरत नाही. याचे कारण बव्हंशी स्नायूंत सापडते.

हाडांना जोडलेल्या स्नायूंत मुख्यतः दोन प्रकारचे तंतू असतात. धानाचा भारा डोक्यावर घेऊन बांधाबांधाने चालताना मंद तंतू कामास येतात. ते लालसर असतात, प्राणवायूच्या साहाय्याने इंधन जाळतात आणि सहसा थकत नाहीत. तोच भारा झटक्यासरशी उचलताना शीघ्र तंतूंचा जोर लागतो. ते साठवलेले ग्लायकोजेन भराभर खर्च करतात व लवकर थकतात.

या तंतूंचे स्वरूप सर्वस्वी कायम नसते. अवटू ग्रंथीचे संप्रेरक वाढले की मंद तंतू शीघ्र तंतूंकडे झुकतात आणि ते कमी पडले की उलट घडते, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले आहे.

इन्शुलिनचे कार्य निराळे आहे. जेवणानंतर ते स्नायुतंतूच्या पृष्ठभागावरील ग्राहीला चिकटते. त्या संदेशामुळे आत दडलेले शर्करावाहक प्रथिन पृष्ठभागावर येते आणि शर्करेला आत जाण्याची वाट मिळते. हा संदेश क्षीण झाला, तर शर्करा रक्तातच साचते. मधुमेहाची वाट येथूनच सुरू होते.

हा धोका केवळ स्थूल माणसालाच असतो, असे नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच होते. देहभार निर्देशांक २२.३. मात्र युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होता. दिसण्यात सडपातळ असलेल्या भारतीयाच्या अंगी स्नायू कमी व मेद अधिक असू शकतो, हे त्यावरून स्पष्ट झाले.

सुदैवाने शर्करेला आणखी एक वाट आहे. स्नायू आकुंचन पावला की इन्शुलिनच्या संदेशावाचूनही तेच वाहक प्रथिन पृष्ठभागावर येते. मजुराच्या अंगी हे दिवसभर घडत असते. कारकुनाला मात्र त्यासाठी खुर्ची सोडून उठावे लागते.