तंबाखूची पुडी आणि घरचे वळण

नाशिक जिल्ह्यातील कळवण हा आदिवासीबहुल तालुका. कांद्याच्या व मक्याच्या हंगामात आईवडील दिवसभर रानात असतात. मुले घरी, शाळेत किंवा आश्रमशाळेत असतात. ग्रामीण भागातील अशा मुलांना व्यसनाची पहिली ओळख पुष्कळदा दारूने नव्हे, तर तंबाखूच्या पुडीने होते. ही पुडी बहुधा घरातीलच असते.

देशातील १३ ते १५ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांची २०१९ मध्ये पाहणी झाली. त्यांपैकी ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखूचे सेवन करीत असल्याचे तीत आढळले. तंबाखू खाऊन पाहिलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी वयाची दहा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच ती तोंडात टाकली होती. या वयात मूल मोठ्यांचे अनुकरण करते. आजी मिसरी लावते, वडील तंबाखू मळतात आणि पुडी आणावयास मुलालाच पाठवितात. नकळत दिला जाणारा हाच पहिला धडा होय.

सुपारीमुळे तोंडाचे आतील आवरण कठीण होते व जबडा उघडेनासा होतो. मुलाच्या तोंडात तीन बोटे उभी जात नसतील, तर त्यास विनाविलंब ग्रामीण रुग्णालयात दाखवावे.

मूल व्यसन करताना आढळल्यास मारहाण करू नये. त्यामुळे ते सवय लपविण्यास शिकते. शांतपणे विचारपूस करावी. तंबाखू सोडल्यावर पहिला आठवडा चिडचीड होते, अभ्यासात लक्ष लागत नाही; तीनचार आठवड्यांत हा त्रास ओसरतो. या काळात घरच्यांनी धीर द्यावा. वडिलांनीही त्याच दिवशी पुडी सोडली, तर त्यासारखा दुसरा आधार नाही. १८००११२३५६ या निःशुल्क दूरध्वनीवर तंबाखू सोडण्यासाठी, तर १४४४६ वर इतर व्यसनांसाठी सल्ला मिळतो.

राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. २००३ च्या कायद्यान्वये अठरा वर्षांखालील मुलास तंबाखू विकणे आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत ती विकणे हा गुन्हा आहे. शाळेजवळ अशी विक्री होत असल्यास पालकांनी ग्रामसभेत हा प्रश्न मांडावा व पोलिसांकडे तक्रार करावी. मात्र कायद्याचा पहारा दुकानापर्यंतच पोचतो, उंबरठ्याच्या आत तो पालकांनीच ठेवावयाचा आहे. मुलाला पुडी आणावयास न पाठविणे, ही त्याची सुरुवात होय.