रक्तदाबाची जोडगोळी : एका गोळीत दोन औषधं

वर्षावासात आमच्या विहारात आम्ही रक्तदाब तपासणी ठेवली होती. बुद्धवंदना झाल्यावर एक आजी पुढे आल्या. दोन दिवसांपूर्वी पहाटे सार्वजनिक शौचालयाच्या वाटेवर चक्कर येऊन त्या पडल्या होत्या, कोपर सोललेलं होतं. बसवून रक्तदाब घेतला तर १०४/६४. उभं करून घेतला तर ८८/५६.

"प्रेशर वाढलं म्हणूनच पडले ना गं बाई?" आजींनी विचारलं.

मी म्हटलं, "आजी, घरात असतील तेवढ्या सगळ्या गोळ्या मागवा." नातू पिशवी घेऊन आला. आत तीन पट्ट्या. एक ॲमलोडिपिनची, एक टेल्मिसार्टनची आणि तिसऱ्या, नव्या पट्टीत हीच दोन्ही औषधं एकत्र. डॉक्टरांनी दोन गोळ्यांच्या जागी एक गोळी दिली होती. "आता जुन्या बंद करा" हे मात्र आजींपर्यंत पोचलंच नव्हतं. त्या तिन्ही गोळ्या इमानेइतबारे घेत होत्या. म्हणजे रोज दुप्पट औषध. त्याच दिवशी त्यांना पट्ट्यांसकट डॉक्टरांकडे नेलं, जुन्या गोळ्या बंद झाल्या आणि चक्कर थांबली.

आजींची यात काही चूक नव्हती. त्यांना कुणी समजावून सांगितलं नाही. म्हणून आज या जोडगोळीबद्दल.

दोन औषधं एकत्र का?

रक्तदाब वेगवेगळ्या वेळी तपासून पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल, तर तो उच्च रक्तदाब. अनेकांना एका औषधाने तो आटोक्यात येत नाही. तेव्हा वेगवेगळ्या रीतीने काम करणारी दोन औषधं देतात. ॲमलोडिपिन रक्तवाहिन्या सैल करतं. टेल्मिसार्टन हे रक्तवाहिन्या आवळणाऱ्या संप्रेरकाला अडवतं. तिसरी लघवीची गोळी, म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाईड किंवा क्लोरथॅलिडोन. ती शरीरातलं जास्तीचं मीठ आणि पाणी लघवीवाटे काढते. यातली दोन, कधी तिन्ही, एकाच गोळीत असतात. फायदा असा की रोज एकच गोळी लक्षात ठेवायची.

पट्टी वाचायला शिका

पट्टीवरच्या मोठ्या अक्षरातल्या नावापुढे 'एएम', 'एच', 'सीटी' अशी अक्षरं असतात. 'एएम' म्हणजे बहुधा ॲमलोडिपिन, 'एच' म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाईड, 'सीटी' म्हणजे क्लोरथॅलिडोन. पण कंपनी बदलली की नाव बदलतं, म्हणून खालची बारीक अक्षरं वाचा. तिथे औषधाचं खरं नाव आणि किती मिलिग्रॅम ते लिहिलेलं असतं. वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराला वाचायला लावा. एकच नाव दोन पट्ट्यांवर दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा नर्सला दाखवा. बाबासाहेबांनी शिकायला सांगितलं ते फक्त परीक्षेपुरतं नव्हे. आपल्या पोटात काय जातंय हे वाचता येणं हेही शिक्षणच आहे.

रोज कशी घ्यायची?

• रोज ठरलेल्या वेळी घ्या. जेवणाआधी किंवा नंतर, दोन्ही चालतं.
• विसरलात तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर त्या दिवसाची एकच गोळी. दोन एकदम कधीच नाही.
• गोळ्या काढून डबीत भरून ठेवू नका. टेल्मिसार्टनला ओल लागते. घेताना पट्टीतून काढा. पत्र्याच्या घरात पट्टी चुलीपासून आणि तापणाऱ्या पत्र्यापासून लांब ठेवा.
• तपासणीच्या दिवशीही गोळी घेऊनच जा.
• उपोसथाला अष्टशील पाळणारे गोळी चुकवतात. दुपारनंतर अन्न वर्ज्य आहे, औषध नाही. पाण्याबरोबर गोळी घ्या आणि दिवसभर पुरेसं पाणी प्या.
• ६ डिसेंबरला चैत्यभूमीला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीला निघताना भाकरीच्या पिशवीत दोन दिवसांच्या जादा गोळ्या ठेवा. गर्दीत, परतीच्या गाडीत उशीर होतोच.

लघवीची गोळी आणि आपल्या बाया

ज्यांच्या घरात शौचालय नाही, त्या कितीतरी बाया ही गोळी गुपचूप सोडून देतात. रात्री अंधारात नळाच्या पलीकडे कोण जाणार? मी त्यांना दोष देत नाही. पण गोळी सोडू नका, वेळ बदलून घ्या. ही गोळी सकाळी घेतली तर जास्तीची लघवी बहुतेक दिवसाच होते. रात्री घ्यायला सांगितली असेल तर आपली अडचण डॉक्टरांना स्पष्ट सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही. आणि वस्तीत उजेड असलेलं, स्वच्छ शौचालय मागणं हेसुद्धा रक्तदाबाच्या उपचाराचाच भाग आहे.

हे सांभाळा

गुडघे, कंबर दुखते म्हणून दुकानातून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक घेऊ नका. त्याने रक्तदाब वाढतो, आणि टेल्मिसार्टन व लघवीची गोळी चालू असेल तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. दुखणं असेल तर कोणती गोळी चालेल ते आधी विचारा.

'कमी सोडियमचं मीठ' मनाने सुरू करू नका. त्यात पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टननेही रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, आणि ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. साधंच मीठ कमी करा, दिवसाला सगळं मिळून एक चहाचा चमचा, म्हणजे ५ ग्रॅमपर्यंत. सैंधवही मीठच आहे. सुकट, बोंबील, लोणचं, पापड यांतलं मीठ मोजायला विसरू नका. दारू, तंबाखू आणि मशेरी सोडा. पाचवं शील पाळणाऱ्या घरात औषधालाही बळ मिळतं.

जुलाब-उलट्या लागल्या, तर अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं. ओआरएस सुरू करा आणि त्याच दिवशी दवाखान्यात विचारा, गोळी काही दिवस थांबवायची का.

दिवस गेले असतील किंवा तसा बेत असेल, तर लगेच डॉक्टरांना सांगा. टेल्मिसार्टन पोटातल्या बाळाला घातक आहे. गरोदरपणासाठी वेगळी औषधं आहेत.

गोळी सुरू झाल्यावर क्रिएटिनिन, सोडियम आणि पोटॅशियमची रक्ततपासणी कधी करायची, ते विचारून घ्या. ॲमलोडिपिनने पावलं सुजू शकतात. गोळी बंद न करता डॉक्टरांना दाखवा.

थांबू नका, १०८ ला फोन करा

तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, छातीत दुखणं, दम लागणं, शुद्ध हरपणं. गोळी घेतल्यावर ओठ, जीभ, चेहरा सुजला तरीही.

"बरं वाटतंय, मग कशाला?"

बरं वाटतंय ते गोळीमुळे. उच्च रक्तदाब बहुतेक वेळा दुखत नाही, पण गुपचूप मेंदू, हृदय आणि मूत्रपिंड पोखरतो. "गोळीची सवय लागते" हे ऐकीव बोलणं आहे, आणि ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मानू नये ही तर आपल्या धम्माची शिकवण.

पैशांमुळे गोळी सुटत असेल तर तेही लपवू नका. सरकारी आरोग्य केंद्रात रक्तदाबाची औषधं मोफत मिळतात. तिथे जोडगोळी नसली, तरी तेवढ्याच प्रमाणात दोन सुट्या गोळ्या घेऊन तोच परिणाम मिळतो. डॉक्टरांना तसं लिहून द्यायला सांगा. जनऔषधी केंद्रातही ही औषधं स्वस्त असतात. पण सुट्या सुरू केल्या की जोडगोळी बंद, आणि जोडगोळी सुरू केली की सुट्या बंद. आजींची गोष्ट विसरू नका.

येत्या रविवारी विहारात वंदनेला येताना घरातल्या गोळ्यांची पिशवी बरोबर आणा. आपल्या मुली पट्ट्या वाचतील, कोणती सकाळी, कोणती रात्री, कोणती बंद, ते मोठ्या अक्षरात लिहून देतील. जिथे शंका येईल तिथे आपण मिळून डॉक्टरांना विचारू. आजारी भिक्खूला कुणी विचारत नव्हतं, तेव्हा तथागतांनी स्वतः त्याला अंघोळ घातली. आपल्याला निदान शेजारणीची पिशवी उघडून बघता येईल.

नमो बुद्धाय! जयभीम!