आहार आणि आतड्यातील जीवाणू

आपण जेवतो ते केवळ स्वतःसाठी नव्हे. तोंडात घास गेल्यापासून त्यावर लाळ, जठररस, पित्तरस आणि स्वादुपिंडातील रस यांची क्रिया होत जाते व लहान आतड्यात साखर, स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने यांचा बहुतेक भाग शोषला जातो. परंतु धान्याचा कोंडा, डाळींची टरफले, भाज्यांचे देठ आणि फळांच्या साली यांतील तंतुमय भाग पचविण्याचे सामर्थ्य मानवी पाचकरसांत नाही. हा भाग जवळजवळ जसाच्या तसा मोठ्या आतड्यात उतरतो. पुष्कळ काळ त्याला निरुपयोगी चोथा समजले जात असे. वस्तुतः तेथे वसती करून असलेल्या असंख्य जीवाणूंचे ते अन्न होय. आणि त्यांना ते मिळते की नाही, यावर आपल्या आतड्याचे आरोग्य बऱ्याच अंशी अवलंबून असते.

आतड्यातील वसाहत

2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका हिशेबानुसार सुमारे 70 किलो वजनाच्या प्रौढ माणसाच्या शरीरात अंदाजे 38 लाख कोटी जीवाणू असतात. त्याच्या स्वतःच्या पेशींची संख्याही साधारणपणे याच घरात आहे. मात्र जीवाणू अतिशय सूक्ष्म असल्यामुळे त्या सर्वांचे मिळून वजन 200 ग्रॅमच्या आसपासच भरते. यांपैकी बहुसंख्य जीवाणू मोठ्या आतड्यात राहतात. तेथे प्राणवायू जवळजवळ नसतो, ऊब कायम असते आणि वरून अन्नाचा ओघ चालू असतो.

हा व्यवहार किती मुळापासून चालत आलेला आहे, हे आईच्या दुधावरून ध्यानात येते. दुग्धशर्करा व स्निग्धांश यांच्या खालोखाल या दुधात काही जटिल शर्करा असतात. बाळाला त्या पचत नाहीत. मग त्या दुधात आल्या कशासाठी? पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील आंरी तिसिए यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अंगावर पिणाऱ्या बाळांच्या विष्ठेत फाटे फुटल्यासारख्या आकाराचा एक जीवाणू विपुल प्रमाणात आढळला. ‘बिफिडोबॅक्टेरियम’ या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या या गटातील काही जीवाणू नेमक्या याच शर्करांवर वाढतात. त्यांनी तयार केलेल्या आम्लामुळे रोगकारक जंतूंना तेथे पाय रोवणे कठीण जाते. माता बाळाला पाजते तेव्हा ती त्याच्या जीवाणूंनाही पोसत असते.

तंतूंपासून इंधन

इडलीचे पीठ रात्रभर ठेवले म्हणजे आंबते, फुगते व त्याला आंबटपणा येतो. मोठ्या आतड्यात तंतुमय पदार्थांचे असेच काहीसे होते. जीवाणू त्यांचे विघटन करतात, वायू सुटतो आणि काही साधी आम्ले निर्माण होतात. त्यांपैकी ब्युटिरिक आम्ल विशेष महत्त्वाचे आहे. शरीरातील इतर पेशी मुख्यतः रक्तातून पोषण घेतात. परंतु मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे प्रमुख इंधन म्हणजे जीवाणूंनी बनविलेले हे आम्लच होय. शिवाय ते दाह आटोक्यात ठेवण्यास साहाय्य करते.

याउलट, आहारात चरबी फार असेल तर ती पचविण्यासाठी पित्तरस अधिक स्रवतो. त्यातील पित्ताम्लांचा काही अंश मोठ्या आतड्यात पोचतो आणि तेथील काही जीवाणू त्याचे रूपांतर अशा द्रव्यांत करतात, की ती अधिक प्रमाणात साठल्यास अस्तराला इजा करतात. एकाच वसाहतीकडून हित घडावे की अहित, हे असे पुष्कळसे आपल्या ताटावर अवलंबून असते.

आहारांची अदलाबदल

युगांडात अनेक वर्षे शल्यचिकित्सक म्हणून काम केलेल्या डेनिस बर्किट यांना आफ्रिकेच्या ग्रामीण भागात मोठ्या आतड्याचा कर्करोग क्वचितच दिसे. पाश्चात्त्य देशांत मात्र तो नेहमीचा झाला होता. आहारातील तंतूंचा अभाव हे यामागचे कारण असावे, असे मत त्यांनी 1971 साली मांडले. तंतूंमुळे मळ भरदार होतो व लवकर बाहेर पडतो, यावर त्यांचा भर होता. या घडामोडीत जीवाणूंचा वाटा किती, हे पुढे एका प्रयोगाने दाखवून दिले.

2015 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात अमेरिकेतील पिट्सबर्गचे 20 कृष्णवर्णीय नागरिक आणि दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागातील 20 रहिवासी सहभागी झाले होते. स्टीफन ओकीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही गटांचा आहार दोन आठवड्यांपुरता बदलला. अमेरिकनांना तंतूंनी समृद्ध, अल्पस्निग्ध असा आफ्रिकी धर्तीचा आहार दिला. त्यांच्या आहारातील तंतूंचे प्रमाण दिवसाला सुमारे 14 ग्रॅमवरून 55 ग्रॅमवर गेले. आफ्रिकी गटाला मांस व चरबी भरपूर असलेला पाश्चात्त्य आहार मिळाला आणि त्यांच्या आहारातील तंतू सुमारे 66 ग्रॅमवरून 12 ग्रॅमवर आले.

चौदा दिवसांतच फरक दिसला. अमेरिकन गटात ब्युटिरिक आम्लाची निर्मिती वाढली, अपायकारक पित्ताम्ले घटली आणि अस्तराचा दाह कमी झाला. आफ्रिकी गटात नेमके उलट घडले. एवढ्यावरून कर्करोग टळला किंवा जडला, असा निष्कर्ष काढता येणार नाही. तो रोग उद्भवण्यास वर्षे लागतात. परंतु त्याच्या धोक्याशी निगडित असलेली लक्षणे इतक्या अल्पावधीत दोन्ही दिशांना पालटू शकतात, ही गोष्ट लहान नव्हे.

परत न येणारे पाहुणे

मात्र हा बदल नेहमीच उलटविता येईल, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, मानवी जीवाणू पोटात सोडलेल्या उंदरांना चार पिढ्या अल्पतंतू आहार देण्यात आला. पहिल्या पिढीत तंतू पुन्हा सुरू करताच बहुतेक जीवाणू पूर्ववत वाढले. पुढील पिढ्यांत मात्र त्यांचे प्रकार उत्तरोत्तर कमी होत गेले. नंतर केवळ तंतू देऊन ते परतले नाहीत. हरवलेले जीवाणू बाहेरून आणून सोडावे लागले. उंदरांवरील निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे खरे. तरीही एका पिढीने ताटातून वगळलेल्या पदार्थाची किंमत पुढच्या पिढीला मोजावी लागू शकते, एवढा इशारा त्यातून मिळतो.

यासाठी काही दुर्मीळ अन्न शोधावयास नको. ज्वारी-बाजरीसारखी भरड धान्ये, सालीसकट डाळी, उसळी, पालेभाज्या व फळे यांत तंतू पुरेसे असतात. आहारात त्यांचे प्रमाण हळूहळू वाढवावे. एकदम वाढविल्यास पोटात वायू धरतो. आतड्याचा विकार असलेल्यांनी वैद्यकीय सल्ला घेणे इष्ट. इतरांनी पीठ चाळून कोंडा टाकण्यापूर्वी तो कोणाच्या वाट्याचा आहे, याचा एकवार विचार करावा.