गेन आधी उतरव

मिरज, रविवार

चि. मृण्मयी,

तुझ्या यूएसबी रेडिओ-डोंगलचे तीन स्क्रीनशॉट आणि त्यावरची अकरा सेकंदांची ती खरखर, सगळं पोचलं. फोनच केला असता, पण फोनवर तू "हो मामा, हो मामा" म्हणतेस आणि ठेवलास की पुन्हा तेच करतेस. म्हणून लिहितोय. कागद समोर ठेव आणि एका वेळी एकच गोष्ट बदल.

आधी तो नवा ॲम्प्लिफायर काढून ठेव. कांदिवलीत चौदाव्या मजल्यावर, खिडकीत एरियल लावून बसलेल्या पोरीला सिग्नल कमी पडतोय हे मला पटत नाही. तुला झालंय ते अजीर्ण, आणि तू त्यावर आणखी दोन पोळ्या वाढायला निघालीस.

पुरावा तुझ्याच स्क्रीनशॉटमध्ये आहे. 95.9 मेगाहर्ट्झला "नवीन स्टेशन" सापडलं म्हणतेस, पण त्यावर दोन गाणी एकात एक मिसळलेली आणि फाटकी ऐकू येतात. हिशेब कर: 93.5 ची दुप्पट 187, त्यातून 91.1 गेले, उरले 95.9. ही दोन दांडगी स्टेशनं डोंगलच्या अगदी पहिल्या टप्प्यात एकदम घुसली, तो टप्पा गुदमरला आणि त्यानं हे तिसरं आतल्या आत जन्माला घातलं. हवेत ते नाहीच. आमच्या वेळच्या सेटमध्येही हे व्हायचं, पण तेव्हा ते नुसतं ऐकू यायचं. तुला वॉटरफॉलवर, म्हणजे पडद्यावरच्या सिग्नलच्या सरकत्या चित्रात, डोळ्यांनी दिसतंय, तेवढी तू नशीबवान.

खरं-खोटं ओळखायची युक्ती सांगतो. स्क्रीनशॉटमध्ये गेनचा, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा त्याचा, स्लायडर पार टोकाला, 49.6 वर टेकवलेला आहे. तिथून पायरी पायरीनं खाली ये आणि नजर 95.9 वर ठेव. खरं स्टेशन गेनबरोबर तेवढंच खाली येतं. भूत मात्र भसकन बसतं, कारण आत येणारा सिग्नल 3 डेसिबलनं घटला की असलं भूत 9 डेसिबलनं घटतं. बहुतेक पहिल्या चार-पाच पायऱ्यांतच ते नाहीसं होईल आणि त्याच वेळी शेजारची खरी स्टेशनं जास्त स्वच्छ येतील. गेन कमी केल्यावर आवाज सुधारतो हे पहिल्यांदा कुणालाच पटत नाही. मलाही पटलं नव्हतं.

कारण साधं आहे. तुझ्या डोंगलमधला मोजणारा भाग 8 बिटांचा, म्हणजे त्याच्याकडे मोजायला 256 पायऱ्या, बस्स. दांडग्या स्टेशननं त्या सगळ्या व्यापल्या की बारक्या स्टेशनाच्या वाट्याला काही उरत नाही. मग गेन किती ठेवायचा? शून्यावरून वर ये. एरियल लावलेलं असताना तळाची खरखर नुकती उचलायला लागली की थांब. त्यापुढे सिग्नल आणि खरखर बरोबरीनं वाढतात, हाती काही लागत नाही. ऑटोमॅटिकवर टाकू नकोस, मुंबईसारख्या ठिकाणी ते फसतं.

आता खरखरीचं. मी डोंगल पहिल्यांदा घेतला तेव्हा सगळ्या बँडवर उभ्या रेघा आणि घरघर. दोन दिवस मी त्या वस्तूला शिव्या घातल्या, उघडून सोल्डर पुन्हा केलं, केबल बदलली. तिसऱ्या दिवशी भारनियमन झालं. घरातले दिवे गेले, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला आणि पडदा एकदम निवळला. वीज आल्यावर एकेक बटण दाबत गेलो. दोष कुठे आहे ते नीट दिसावं म्हणून टेबलावर जो एलईडी बल्ब लावला होता, तोच दोष! तुला भारनियमनाची वाट बघायला नको. लॅपटॉपचा चार्जर काढ, मेन स्विच पाच मिनिटं बंद कर (आईला विचारून) आणि वॉटरफॉल बघ. डोंगल लॅपटॉपला चिकटवूनही ठेवू नकोस, मीटरभराची यूएसबी वायर मध्ये घाल. लॅपटॉप स्वतःही कमी ओरडत नाही.

बाकीचं भराभर सांगतो. मोड वाइड एफएमच हवा. नॅरोवर ठेवलास तर आवाज कापलेला येतो, कारण प्रसारणाची लाट मध्यापासून दोन्हीकडे 75 किलोहर्ट्झ झुलते. फिल्टर 200 किलोहर्ट्झच्या आसपास ठेव. डी-एम्फसिस आपल्याकडे 50 मायक्रोसेकंदांचं, अमेरिकेचं 75 चं. ते चुकलं तर आवाज थोडा दबका येईल, फार काही बिघडणार नाही. वारंवारतेची चूक दुरुस्त करणाऱ्या पीपीएमच्या आकड्याशी तू तासभर खेळलीस म्हणे. अगं, 50 पीपीएमची चूक 100 मेगाहर्ट्झवर 5 किलोहर्ट्झ होते. एफएमच्या रुंदीत ती कुठल्या कुठे जाते. आवाज तुटक येत असेल तर यूएसबी हब काढून डोंगल त्याच वायरनं थेट लॅपटॉपला जोड आणि सॅम्पल रेट 2.4 वरून खाली आण. स्टीरिओत सूं-सूं येत असेल तर मोनो कर. क्षीण स्टेशनवर स्टीरिओचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

एरियल विकत आणू नकोस. 98 मेगाहर्ट्झची लाट साधारण तीन मीटरची, तिचा चतुर्थांश पाऊण मीटर. दोन तारा तेवढ्या कापून केबलच्या एकाच टोकाला जोड, एक मधल्या तारेला आणि दुसरी बाहेरच्या जाळीला, आधी उभ्या, मग आडव्या करून बघ. पण ते नंतर. तुझ्या खिडकीत सध्या सोबत आलेलं वीतभर एरियलही पुरून उरतंय.

गेन उतरवल्यावर 95.9 चं काय झालं, आणि नेमकं कितव्या पायरीवर, ते कळव. ॲम्प्लिफायर परत पाठवू नकोस. दिवाळीला येताना घेऊन ये. इथं कोल्हापूरची स्टेशनं फार बारीक येतात, ती ओढायला तो लागेल.

तुझा,
मामा