पर्याप्त लाभ

गृहस्थाश्रमात अर्थाची उपेक्षा शास्त्रसंमत नाही. चार पुरुषार्थांत अर्थाची गणना आहेच. प्रश्न एवढाच की, द्रव्याची योजना करताना सर्वाधिक लाभाचा शोध गृहस्थाने कोठवर चालवावा?

आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक आहेत. निवृत्तीच्या वेळी त्यांच्या हाती ४ लक्ष रुपये आले. कोणत्या बँकेत मुदत ठेव केल्यास व्याज सर्वांत अधिक मिळेल, याची कोष्टके ते सहा महिने मांडीत राहिले. रक्कम मात्र बचत खात्यात पडून होती. बचत खात्यावर शेकडा ३ व ठेवीवर शेकडा ७ व्याज धरले, तर या विलंबात सुमारे ८,००० रुपये गेले. शोधाअंती सापडलेली बँक इतरांहून शेकडा पाव अधिक देत होती, म्हणजे वर्षाकाठी १,००० रुपये. गेलेले भरून येण्यास आठ वर्षे हवीत! शिवाय पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या एका बँकेने दर वाढविला, तेव्हा त्यांची झोप उडाली ती वेगळीच.

अमेरिकन विद्वान हर्बर्ट सायमन यांनी १९५६ मधील एका निबंधात या विषयाचे विवेचन केले आहे. १९७८ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे असे की, सर्वोत्तमाची निवड करावयाची तर सर्व पर्याय व प्रत्येकाचे परिणाम ज्ञात असले पाहिजेत. मनुष्याची बुद्धी आणि वेळ मर्यादित असल्याने ते घडत नाही. म्हणून त्याने अपेक्षेची एक पातळी ठरवावी आणि ती गाठणारा पहिला पर्याय स्वीकारावा. पर्याय सहज मिळू लागले तर ही पातळी चढते, दुर्मिळ झाले तर उतरते. त्यांनी योजिलेल्या इंग्रजी शब्दात ‘तृप्त होणे’ व ‘पुरेसे होणे’ हे दोन्ही अर्थ ऐकू येतात. अनुवाद करताना मला ‘पर्याप्त’ हा शब्द सुचला. गीतेच्या पहिल्या अध्यायातील दहाव्या श्लोकात तो आला आहे, आणि तेथे त्याचा अर्थ ‘पुरेसे’ की ‘मर्यादित’, याविषयी टीकाकारांत मतभेद आहे. आपल्या विषयाला दोन्ही अर्थ लागू पडतात, ही मौज!

शीना अय्यंगार, रेचेल वेल्स व बॅरी श्वार्ट्झ यांनी नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. सर्वोत्तमाच्या मागे लागणाऱ्यांना आरंभीचे वेतन शेकडा २० अधिक मिळाले. समाधान मात्र इतरांहून कमी. तेव्हा शोधाने लाभ होत नाही असे नव्हे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. वीस वर्षांच्या ३० लक्षांच्या गृहकर्जात दर शेकडा साडेआठऐवजी सव्वाआठ पडला, तर मासिक हप्त्यात सुमारे ४७० रुपयांचा फरक पडतो. तेथे चार बँकांचे उंबरे झिजविणे योग्यच.

आणि संतोष म्हणजे बेफिकिरी नव्हे. अवाच्या सवा व्याजाच्या आमिषाने मुद्दल गमावणारे पर्याप्ताचे उपासक नसतात. ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेतील एका ठेवीदाराच्या मुद्दल व व्याज मिळून ५ लक्ष रुपयांपर्यंतच्या ठेवींना विम्याचे संरक्षण आहे. ही अट प्रथम पाहावी, दर नंतर.

मागील खेपेस ठेवीची मुदत संपली तेव्हा आमच्या शिक्षकांनी घरूनच तीन अटी कागदावर लिहून नेल्या: विम्याचे संरक्षण, पायी जाण्याइतके अंतर, आणि दर शेकडा पावणेसातहून कमी नसावा. दुसऱ्याच बँकेत काम झाले. तिसरीचा दर त्यांनी विचारला नाही.