सही करण्यापूर्वी : घरकर्ज, कायदा आणि आपण



लागण-खोडव्याच्या नोंदी घेत फिरताना अलीकडे बांधावर एक वेगळाच प्रश्न कानावर येतो. "साहेब, पोरगं मुंबईला नोकरीला हाय, नाहूरला फ्लॅट घेतंय. १८ लाख कमी पडत्यात. जमिनीवर काढू का?" प्रश्न उसाचा नसला तरी जमिनीचा आहे, म्हणून या अंकात थोडा हिशेब मांडतो.

समजा, भांडुप-मुलुंडच्या मधल्या नाहूरला ९० लाखांचा फ्लॅट आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांपर्यंतचे गृहकर्ज किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देता येते. म्हणजे ७२ लाख बँकेचे, १८ लाख स्वतःचे. मुद्रांक व नोंदणी निराळी. घेणाऱ्याची स्वतःची पुंजी घरात असावी, किंमत उतरली तरी दोघेही बुडू नयेत, हा त्यामागचा हेतू. अमेरिकेत ऐपत न पाहता घरकर्जे वाटली गेली. २००८ साली मोठमोठ्या बँका कोसळल्या व लाखो कुटुंबांची घरे गेली.

पण तेच १८ लाख आपण जमीन गहाण टाकून आणले, तर नियम कागदावर पाळला आणि शिवारात मोडला. घर सगळेच कर्जावर उभे राहिले, वर जमीनही अडकली.

हे नवे नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले, कर्जखते जाळली. १८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला व कर्जाचा मागचा हिशेब तपासण्याचा अधिकार कोर्टाला दिला. तेव्हा सावकारांनी पळवाट काढली. गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घ्यायचे, "पैसे फेडा, जमीन परत" एवढे फक्त तोंडी. ती वाट बुजवायला पुन्हा कायदा दुरुस्त करावा लागला. कायदा मागून येतो, अंगठा आधी उठतो.

मग कायदा नको का? हवाच. बांध नसेल तर पाणी वाहून जाते. पण बांध घातला म्हणून आपण दारे धरायचे सोडत नाही.

कायद्याने दिलेले हक्क असे :
१) बदलत्या व्याजाचे घरकर्ज मुदतीआधी फेडल्यास दंड नाही.
२) कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत. बँकेमुळे उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई.
३) थकीत खात्यावर घराचा ताबा घेण्यापूर्वी ६० दिवसांची नोटीस. २००२ च्या या कायद्यातून शेतजमीन वगळली आहे. तरी वसुलीचे इतर मार्ग खुले असतात, हे विसरू नये.

आपण पाहायचे ते असे :
१) ७२ लाखांना साडेआठ टक्क्यांनी २० वर्षे महिन्याला सुमारे ६२,५०० रुपये हप्ता पडतो. व्याज एका टक्क्याने वाढले व हप्ता तोच ठेवला, तर मुदत २४० वरून सुमारे ३०९ महिन्यांवर जाते. हप्ता वाढवायचा की मुदत, हे बँकेला विचारून घ्यावे.
२) हप्ता दरमहा येतो, उसाचे बिल दरमहा येत नाही. उसाच्या भरवशावर शहराचा हप्ता धरू नये.
३) जामीनदाराची सही ही कर्जदाराचीच सही समजावी.
४) कोऱ्या कागदावर सही करू नये. कागद घरी आणून पोरासोरांकडून मोठ्याने वाचून घ्यावा.

पोराने घर जरूर घ्यावे. दोन वर्षे थांबून पुंजी साठवावी, नाहीतर लहान घर पाहावे. जमीन मात्र ज्याच्या त्याच्या हिशेबाबाहेर ठेवावी.

— ऊस विकास अधिकारी